पहिल्या पाचांतली नोकरी

त्या शर्यतीला नोकरी नव्हती.

पहिल्या पाचांत जो येईल त्याला साखर कारखान्यावर वॉचमन म्हणून घेणार आहेत, असं मी घरी सांगितलं होतं. ते खोटं होतं आणि ते मीच रचलं होतं. आजवर हे मी कुणाजवळ बोललो नाही. आईजवळ नाही, थोरल्या भावाजवळ नाही, पुढे लग्न झाल्यावर बायकोजवळही नाही. लोक मला कमी बोलणारा माणूस म्हणून ओळखतात. त्यांना वाटतं, स्वभावच तसा. तसा तो नव्हता. बाहत्तरच्या दुष्काळानंतर झाला. चार माणसांत बोलायला लागलो की कुठून तरी त्या नोकरीचा विषय निघेल अशी धास्ती असायची, म्हणून गप्प बसायची सवय लागली ती लागलीच. आता पन्नाशी उलटली आहे. जसं घडलं तसं लिहितो.

आमचं गाव श्रीगोंदा तालुक्यातलं, पण उसाच्या पट्ट्यातलं नाही. कारखान्याचा धूर आमच्या माळावरून दिसायचा, कालवा मात्र आमच्या शिवाराला वळसा घालून गेला होता. घरची जमीन कोरडवाहू, ज्वारीची. वडिलांना नाद एकच, कुस्तीचा. थोरला भाऊ अंगानं किडकिडीत निघाला, म्हणून त्यांनी मला तालमीत घातलं. घरात म्हैस एक. तिचं दूध माझं, तूप माझं. दादाच्या वाट्याला ताक, आणि तेही तो बिनतक्रार प्यायचा. विसाव्या वर्षी शेजारच्या गावच्या जत्रेत, कुस्त्यांच्या हगाम्यात माझा खांदा उखडला. तो पुन्हा बसवला, पण मातीत उतरायच्या लायकीचा राहिला नाही. कुस्ती सुटली. खुराक मात्र सुटला नाही. वडील होते तोवर त्यांना आशा होती, पोरगा बरा होईल; ते गेल्यावर आईला वाटायचं, त्यांची इच्छा होती. मी खात राहिलो.

बाजारच्या दिवशी एकदा मापाड्यानं मला धान्याच्या मोठ्या काट्यावर बसवलं. वजनं चढवता चढवता तो सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "पैलवान, पोतं होऊन बी वर उरतंय की. उरल्यालं सुट्टं इकायचं का?" बाजार हसला. मीही हसलो. जाड माणसाला सगळ्यांच्या आधी हसावं लागतं. गावात मला 'कणगी' म्हणत, धान्य साठवायची असते ती पोटफुगी कणगी. बसल्या जागेवरून उठताना माझ्या तोंडून एक आवाज निघायचा, त्याची पोरं नक्कल करत. दादाचं लग्न होऊन वहिनी घरात आली, तिनं मात्र कधी त्या नावानं हाक मारली नाही. भावजी म्हणायची. वाढताना माझ्या ताटाकडे बघायची नाही, दुसरीकडे बघत वाढायची.

मग दोन पावसाळे कोरडे गेले. म्हैस आणि बैलजोडी घेऊन दादा नगरजवळ केडगावच्या पलीकडे जनावरांच्या छावणीत गेला. उसाच्या वाढ्यांवर जनावरं जगवायची, तर माणसानंही तिथंच राहावं लागे. घरी आई, वहिनी आणि मी. आईचे गुडघे धरलेले. मी गावच्या पाझर तलावाच्या कामावर माती वाहायला जाऊ लागलो. दूध गेलं, तूप गेलं, ज्वारीची भाकरी गेली. रेशनवरच्या लाल मिलोची, परदेशातून आलेल्या ज्वारीची भाकरी आली आणि कामावर वाटायची ती कोरडी सुकडी. ज्या अंगाला सारं गाव हसायचं, ते वर्षभरात कुठं गेलं मला कळलं नाही. पोटावरची कातडी तेवढी रिकाम्या पोत्यासारखी लोंबत राहिली. बाकीची माणसं वाळली ती आजारी दिसू लागली. मी वाळलो तो माणसासारखा दिसू लागलो. दुष्काळ मला मानवला. हे तेव्हा बोलायची सोय नव्हती, आजही फारशी नाही.

वहिनीनं माझे सदरे उसवून लहान केले. एका सदऱ्यात मी दोनदा मावत होतो. उरलेलं कापड तिनं धुऊन, घडी घालून ठेवलं. कशासाठी ते विचारायची गरज नव्हती. तिला दिवस गेले होते. त्याआधी दोनदा राहिलं होतं आणि दोन्ही वेळा तिसऱ्या महिन्यातच गेलं होतं. या वेळी चौथा लागला तेव्हापासून आई रोज सकाळी उंबऱ्यात उभी राहून सूर्याला हात जोडायची आणि तोंडानं काहीच म्हणायची नाही. म्हटलं तर दृष्ट लागेल, म्हणून.

पळायचं कसं सुरू झालं ते सांगतो. कामावर पिण्याच्या पाण्याचा टँकर यायचा तो डांबरी रस्त्यावर थांबायचा. चार हॉर्न वाजवले आणि माणूस दिसलं नाही की निघून जायचा. एकदा हॉर्न वाजले, मी घमेलं टाकलं आणि पळत सुटलो. नांगरटीतून, बांधांवरून. टँकर गाठला. परत आलो तर आमच्या टोळीतला फौजी माझ्याकडे बघत उभा. पलटणीतून सुटून आलेला माणूस. त्याला गाव फौजीच म्हणायचं.

"कणगे, तुला पळता येतंय," तो म्हणाला.

"म्हस पळती तसा पळलो."

"म्हस वाटंत दम खाती. तू खाल्ला न्हाईस."

मी घामानं निथळत होतो आणि आजूबाजूला कुणी हसत नव्हतं. एवढंच. पण ते मला नवीन होतं.

दुसऱ्या दिवसापासून काम सुटल्यावर मी माळावरून पळू लागलो. फौजी बांधावर बसून विडी ओढत बघायचा. पाऊल कसं टाकायचं, श्वास कुठं सोडायचा, चढाला मान खाली का ठेवायची, हे सांगायचा. मग त्यानं शर्यतीची बातमी आणली. फाल्गुनात, केडगावच्या वेशीपासून पुण्याच्या रस्त्यानं सहा मैल जायचं आणि सहा मैल परत. मी विचारलं, "काय देत्यात?"

"पहिल्याला फेटा न् कप. मागच्यास्नी नारळ." तो हसला. "मिळायचं काय न्हाई गड्या. पळून बघायचं."

ती बातमी घेऊन मी घरी आलो. जेवताना आई बोलायला लागली. "दिसभर माती वाहायची न् वर पळायचं. कशापायी? हाडं उरल्यात ती बी झिजव. आन् घोटाघोटानं कळशी रिती करतोस. पानी कुठनं येतंय ते बघितलंस का?" तिचं खरं होतं. वहिनी परातीत भाकरी थापत होती. मला पळणं सोडायचं नव्हतं आणि नारळासाठी पळतो असंही सांगायचं नव्हतं. मी म्हणालो, "पहिल्या पाचात आलं तर कारखान्यावर वॉचमन म्हणून घेत्यात."

भाकरीवरचा हात थांबला. "पक्की नोकरी?" वहिनीनं विचारलं.

"पक्की. फौजी म्हनला."

"खाकी कापडं बी?"

"देत्यात की."

"मंग पळा तुमी," ती म्हणाली. "पान्याचं मी बगते."

आईनं मान खाली घातली आणि आपल्या ताटातली अर्धी भाकरी माझ्या ताटात टाकली. मी ती खाल्ली.

पाण्याचं काय होतं ते सांगायला हवं. विहिरी आटल्यावर गावानं नदीच्या वाळूत झिरे खणले होते. पुरुषभर खोल खड्डा, तळाला पाणी पाझरायचं, ते करवंटीनं गाळ न उठवता भांड्यात घ्यायचं. नियम असा होता की एका पाळीला एका घरानं एक हंडा आणि एक कळशी भरायची. जास्त हवं तर भांडी पुन्हा रांगेच्या शेपटीला. सकाळच्या पाळीचं पाणी तिघांच्या पिण्या-रांधण्याला कसंबसं पुरायचं. माझ्या वाढलेल्या तहानेला ते पुरलं नसतं, पण तेवढंच असतं तर निभलं असतं. मला अंघोळही लागायची.

तालमीत वस्तादानं एक गोष्ट आमच्या डोक्यात बसवली होती: घाम अंगावर वाळू द्यायचा नाही, वाळला घाम सांध्यात शिरतो. ज्या दिवशी माझा खांदा गेला, त्या दिवशी मला तसंच बैलगाडीत घालून आणलं होतं. अंगावरचा घाम वाऱ्यानं वाळला, म्हणूनच खांदा पुन्हा नीट झाला नाही, अशी वडिलांची खात्री होती आणि माझीही. त्यामुळे पळून आलो की अर्धी बादली पाणी अंगावर घेतल्याशिवाय मला चैन पडेना. लोक प्यायला पाणी नाही म्हणून गाव सोडत होते आणि मी अंघोळ करत होतो. घाम तर तालमीत आम्ही मातीनंच निपटायचो, पाणी त्यानंतर. कोरडी माती अंगाला चोळून चाललं असतं. माती तर दिवसभर मी डोक्यावर वाहत होतो. ते मला सुचलं नाही, असं मी पुष्कळ वर्षं स्वतःला सांगत आलो. सुचलं होतं. पण ती अर्धी बादली मला हवी होती. तेवढा वेळ मी पैलवान असायचो.

"सांधा धरला तर नोकरी गेली," मी म्हणालो होतो. तेव्हापासून दुपारच्या उन्हात वहिनी भांडी घेऊन दुसऱ्या पाळीला जाऊ लागली.

तुम्ही विचाराल, मी का नाही गेलो. एकदा गेलो. झिऱ्यावर साऱ्या बायका. आमच्याकडे गडी पाणी आणायचा तर बैलगाडीवर पिंप घालून, नाही तर सायकलला घागरी लटकावून. डोक्यावर हंडा घेतलेला गडी कुणी पाहिला नव्हता. मला बघून एक म्हणाली, "आता मिशीवाल्यांची बी पाळी लावा गं." दुसरी म्हणाली, "चुंबळ हाय का पैलवान, का माझी देऊ? बांगड्या बी देते." मी हंडा भरला, डोक्यावर घेतला, आणि चढावर येईतो निम्मं पाणी पाठीवरून खाली गेलं. मागून हसण्याचा लोंढा आला. मापाड्याच्या काट्यावर बसलो होतो त्या दिवशीसारखाच मी झालो. दिवसभर डोक्यावर माती वाहणारा मी, त्या हंड्याखाली मोडलो. वहिनी म्हणाली, "नगा येऊ तुमी. मागनं मलाच बोलत्यात." मी पुन्हा गेलो नाही. तिनं नको म्हटलं याचा मला आधार झाला.

झिरा खाली खाली जात होता. आधी वाळूत पायऱ्या पाडल्या होत्या, मग त्या ढासळू लागल्या आणि बायका दोराला धरून उतरू लागल्या. वहिनीचं पोट आता दिसत होतं. झिऱ्यावरच्या गमती ती आल्यावर सांगायची. "शेजारीण म्हनती, दिराला हळद लागलीया का, रोज न्हाऊ घालतीस? म्या म्हनलं, नोकरीवाला मानूस हाय आमचा. सायबाला न्हायाला लागतं." आणि हसायची. आई हसायची नाही.

एका दुपारी मुकादमानं काम लवकर सोडलं. मी नदीच्या वाटेनं आलो तर वहिनी नुकतीच झिऱ्यातून वर आली होती. भांडी वाळूवर ठेवून ती दोन्ही हात कमरेवर टेकवून उभी होती, डोळे मिटून. बाकीच्या बायका पुढं गेल्या होत्या. आसपास कुणी नव्हतं. मी जवळ गेलो. सांगायचं तर आत्ता, असं मनाशी म्हणालो. वहिनी, ती नोकरी काही खरी नाही. एवढंच वाक्य होतं.

तिनं डोळे उघडले. "काय वो भावजी?"

"काय न्हाई. कळशी द्या हिकडं."

कळशी मी वेशीपर्यंत आणली. तिथं तिनं ती माझ्या हातातून काढून घेतली आणि काखेला लावली. कुणी बघू नये म्हणून. तेव्हाही मी दिली.

बाजारच्या दिवशी दादा छावणीतून आला. त्याला आईनं सांगितलं. माझ्याकडं बघता बघता त्याचे डोळे भरले. तो ते लपवायला म्हशीविषयी बोलू लागला. जाताना म्हणाला, "छावनीत समद्यास्नी सांगतो. आपला गडी पाचात येतोय." मी म्हणालो, नको सांगू. "का? चोरी हाय का?" तो म्हणाला आणि गेला.

त्यानंतर पळताना मला वारं लागेनासं झालं. आधी पळायला लागलो की डोकं रिकामं व्हायचं. आता प्रत्येक चढाला नोकरी आडवी यायची. तरीही मी पळत होतो, आणि खरं सांगायचं तर चांगला पळत होतो. फौजी म्हणायचा, "पाचात काय, तिनात येशील." तो कौतुक करायचा आणि मी मान खाली घालून पुन्हा चढाला लागायचो.

शर्यतीच्या आदल्या दिवशी दुपारच्या एस.टी.नं नगरला निघायचं होतं. मी गाठोडं बांधून आत गेलो तर वहिनी भिंतीकडं तोंड करून, पाय पोटाशी घेऊन पडली होती. आई तिच्या कमरेला तेल चोळत होती.

"कंबर धरलीया जरा," वहिनी म्हणाली.

"जरा न्हाई," आई म्हणाली. "सकाळपास्नं हाय. तू जातोच हायस तर दादाला लावून दे. गाडी करून दवाखान्यात न्यावं हिला."

"आज नगं," वहिनी उठून बसायला लागली. "ते आलं की भावजींचं मन लागायचं न्हाई. उद्या शर्यत हाय. एक दिस कळ काढते मी. काय व्हत न्हाई एका दिसानं." आणि मला म्हणाली, "तिथं काय बोलू नगा. नोकरीचं काम हाय."

आई माझ्याकडं बघत होती. तिला वाटत होतं, मी म्हणावं, नोकरी राहू दे. त्यात मोठेपणा दिसला असता, खोटंही उघडं पडलं नसतं. तेवढंही मी म्हणालो नाही. नारळासाठी आणि कपासाठी असलेल्या त्या शर्यतीला मला जायचं होतं. वेगळं काही कारण आज मला सापडत नाही. गावात एक दवाखान्याची नर्सबाई आठवड्यातून एकदा यायची. तो तिचा दिवस नव्हता. गाडी होती ती पाटलाच्या वाड्यावर, मागितली असती तर मिळाली असती. मी स्वतःही नेऊ शकलो असतो. हे सगळं मी दारात उभं राहून मनात मोजलं.

"येतो," मी म्हणालो.

"पाचात या," वहिनी म्हणाली.

छावणीत दादानं विचारलं, घरी समदं बरं हाय ना. मी म्हणालो, बरं हाय.

सकाळी केडगावच्या वेशीत माणसं जमली होती. कॅनव्हासचे बूट घातलेले कॉलेजातले चार पोरगे, पलटणीतले दोघं-तिघं जवान, बाकी आमच्यासारखे अनवाणी. मी गुडघ्यापर्यंत कापलेला पायजमा घातला होता. दादा छावणीतल्या सात-आठ जणांना घेऊन आला होता. त्यातल्या एकानं माझ्याकडं बघून विचारलं, "ह्योच का वॉचमन?" दादा नुसता हसला.

निशाण पडलं. सुरुवातीला सगळे सुटले, मी मागं राहिलो, फौजीनं सांगितलं होतं तसा. दोन-तीन मैलांत कॉलेजवाले एकेक करून माझ्या बाजूनं मागं गेले. ऊन चढत होतं. रस्त्याच्या दोन्ही बाजूंची शेतं पांढरी पडली होती. बैलगाडीवरून छावणीला चारा नेणारी माणसं थांबून बघत होती आणि त्यांच्यापैकी कुणाच्याही तोंडावर हसू नव्हतं. हे मी टिपत होतो. वहिनी घरी कळ काढत होती आणि मी कोण हसतं, कोण हसत नाही, ते बघत होतो.

सहा मैलांवर झेंडा होता, तिथून वळायचं. वळायच्या आधी पुढची माणसं समोरून परत येताना दिसली. एक. दोन. मग पुष्कळ वेळ कुणी नाही. मग तिसरा, तोही दमलेला. म्हणजे मी चौथा होतो.

झेंड्याला वळसा घातला. चौथा. पाचांत. आता तिथं गेलो की दादा लोकांना घेऊन पुढं येईल. ज्यांनी शर्यत भरवली त्या मंडळींसमोर उभा राहील आणि विचारील, आमच्या गड्यानं सही कुठं करायची? ते एकमेकांकडं बघतील. कसली सही? मग सगळी हसतील, आणि या वेळी दादाला हसतील. त्याच्याबरोबरची छावणीतली माणसं हसतील. मग दादा माझ्याकडं वळेल.

मी पाय आवरता घेतला. आपोआप नाही, समजून. मागून पावलं ऐकू आली, एक जवान माझ्या पुढं गेला. मी पाचवा झालो. तेही चालण्यासारखं नव्हतं. मागं अजून कुणी येतंय का म्हणून मी कान लावून पळू लागलो. एवढे दिवस ज्याला मागं टाकायचं म्हणून पळालो, त्याची वाट बघत पळू लागलो. केडगावची घरं दिसू लागली तरी कुणी येईना. घसा सुकून गेला होता. शेवटी एक काळा, लहानखुरा पोरगा दिसला, तोंड उघडं टाकून येत होता. मी रस्त्याच्या कडेला बसलो आणि तळपायातून काटा काढल्यासारखं केलं. तो जवळून गेला. त्यानं माझ्याकडं बघितलंही नाही. मग मी उठलो आणि पळत सुटलो.

सहावा आलो. दोरी ओलांडताना माझ्या मनात एकच शब्द होता: सुटलो.

दादानं मला मिठी मारली. "एका मानसानं गेली रं," तो म्हणाला. "एका मानसानं." त्याचा आवाज फाटला होता. छावणीतले लोक पाठीवर थापा मारत होते. फौजी त्या सकाळी गावाहून आला होता, तो जरा लांब, शेवटचा सरळ रस्ता दिसेल अशा जागी उभा होता. तो जवळ आला, माझ्या पायांकडं बघितलं आणि विचारलं, "काटा कंच्या पायात हुता?"

"उजव्या."

"डांबरावर?"

मी वाकून पायाची धूळ झटकू लागलो. तेवढ्यात दादा त्याला म्हणाला, "फौजी, तुमची वळख हाय. सहाव्याला न्हाई का घेत?"

"कुठं घ्यायचं?" फौजी म्हणाला.

दादा बोलायला तोंड उघडणार, तोच फौजीनं माझ्या चेहऱ्याकडं बघितलं. मग दादाला म्हणाला, "न्हाई घेत. फुडल्या टायमाला बगू." आणि विडी काढून दुसरीकडं तोंड केलं. त्यानंतर तो माझ्याशी कामापुरतं बोलायचा. मला पळताना बघायला तो पुन्हा कधी बांधावर आला नाही. मीही पळायचा थांबलो.

नारळ हातात आल्यावर मी दादाला सांगितलं, वहिनीला बरं नाही.

"कवाधरनं?"

"कालधरनं."

"आन् आता सांगतोस?"

"वहिनीच म्हनल्या, बोलू नगा."

ते खरं होतं. त्या सगळ्या दिवसांत मी बोललेलं तेवढंच खरं, आणि तेही स्वतःला वाचवायला.

आम्ही घरी पोचलो तेव्हा ऊन कललं होतं. दारात सुईण बसली होती आणि तिनं दादाला बघून पदर डोळ्यांवर ओढला. सकाळीच गेलं होतं. मुलगा होता, हे आईनं मला पुढं काही दिवसांनी सांगितलं, दादाला सांगितलं की नाही ठाऊक नाही. दादा आत गेला आणि बराच वेळ आत राहिला. मग त्यानं मला हाक मारली. वहिनी विचारत होती.

ती पांढरीफटक पडली होती. ओठांवर कातडी सुटली होती. "कितवा?" तिनं विचारलं.

"सहावा."

तिनं डोळे मिटले. मला वाटलं झोपली. मग म्हणाली, "एका नंबरानं व्हय." आणि थोड्या वेळानं, "असू द्या. माझं बी न्हाई झालं, तुमचं बी न्हाई झालं."

ती माझं सांत्वन करत होती.

नर्सबाई तिच्या दिवशी आली तेव्हा तिनं आईला बरंच काही विचारलं. कुठून पाणी आणत होती, किती खेपा, किती खाली उतरत होती. मी पडवीत बसून ऐकत होतो. पडून राहिली असती तर टिकलं असतं का, आदल्या दिवशी नेलं असतं तर काही झालं असतं का, असं आईनं विचारलं. नर्सबाई म्हणाली, तसं सांगता येत नाही. त्या 'सांगता येत नाही'च्या आडोशाला मी फार वर्षं बसलो. आधीचीही दोन गेली होती, असंही स्वतःला सांगितलं. पण ती दोन तिसऱ्या महिन्यात गेली होती. हे पुढं टिकलं होतं. उन्हात दुसऱ्या पाळीला दोराला धरून ती उतरू लागली ती माझ्यासाठी. आणि दवाखान्यात गेली नाही ती त्या नोकरीसाठी.

पुढच्या पावसाळ्यात पाऊस झाला. म्हैस आणि बैल परत आले. मला काही वर्षांनी एका शाळेत शिपायाची जागा मिळाली, पळून नव्हे, अर्ज करून. ऑर्डर आली त्या दिवशी वहिनीनं घरात गुळाचा सांजा केला आणि म्हणाली, "ती गेली तवाच वाटलं हुतं, दुसरी येईल." मी दोन घास खाल्ले आणि उठलो. अंग पुन्हा थोडं भरलं, पण पहिल्यासारखं कधी झालं नाही. गाव मला 'कणगी' म्हणायचं विसरलं.

वहिनीला पुन्हा दिवस राहिले नाहीत. माझी दोन्ही मुलं तिच्याच मांडीवर वाढली. त्यांना ती ही गोष्ट सांगायची. तुमचा बाप बारा मैल पळाला, पायात काटा मोडला म्हणून नोकरी हुकली, एका नंबरानं. काट्याचं तिला दादानं सांगितलं असणार. मुलं मोठी होऊन नोकरीला लागली तरी ती त्यांना हे सांगते, आणि सांगताना माझ्याकडं अभिमानानं बघते. मी अशा वेळी उठून बाहेर जातो. लोकांना वाटतं, लाजतो. दादा चार वर्षांपूर्वी गेला. शेवटच्या आजारात मी रोज त्याच्या उशाशी बसत होतो. सांगायला रोज जमत होतं, सांगितलं एकदाही नाही. त्याच्यापुरतं ते आता राहूनच गेलं.

वहिनीला वाचता येत नाही. हे छापून आलं तरी कुणी वाचून दाखवल्याशिवाय तिच्यापर्यंत जाणार नाही, आणि लिहायला बसताना मला ते माहीत होतं. म्हणजे इथंही मी सोपी वाट धरली. ती गावीच असते. तब्येत बरी आहे, कान चांगले आहेत. तिच्यासमोर बसून, ती शर्यत नारळासाठी होती आणि काटा मोडलाच नव्हता, हे तिला तोंडानं सांगायचं माझ्याकडं बाकी आहे, आणि त्यावर ती जे बोलेल ते शेवटपर्यंत ऐकून घ्यायचंही.